एका दिवसाआड एक पुडी

आईच्या रक्तातलं कॅल्शियम वाढलं ते माझ्यामुळे. त्याचा दोष कर्करोगाला देता येत नाही, केमोथेरपीला नाही आणि डॉक्टरांना तर नाहीच. ड जीवनसत्त्वाच्या पुड्या मी तिला सांगितल्यापेक्षा कितीतरी जास्त दिल्या आणि डॉक्टरांना त्याचा पत्ता लागू दिला नाही. मी रत्नागिरीतल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. प्रयोगात तुलनेसाठी दुसरा गट का ठेवायचा, एकक बदललं की आकडा कसा फसवतो, हे वर्षानुवर्षं फळ्यावर लिहून दाखवलेलं आहे. तेव्हा माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

आई गेली त्याला आता वर्ष उलटून गेलं. तरी हे लिहायला बसले त्याला कारण घडलं. माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई शाळेत भेटायला आली. तिच्या नणंदेला आईसारखाच अंडाशयाचा कर्करोग निघाला होता, आणि माझ्या आईला कसल्याशा व्हिटॅमिनने चांगला गुण आला होता असं तिच्या कानावर गेलं होतं. पुडीचं नाव तिला कागदावर लिहून हवं होतं. ही बातमी पसरली कशी, याचा विचार केला तेव्हा आठवलं की पहिल्या दिवसांत शेजारीपाजारी आणि स्टाफरूममध्ये मीच ते मोठ्या विश्वासाने सांगत होते. पुढे काय झालं ते मात्र कुणाला सांगितलं नव्हतं. आता सगळंच सांगते.

२०२२च्या गणपतीत आईच्या पोटाची तक्रार सुरू झाली. एक मोदक खाल्ला की पोट भरायचं. "काय नाय गो, वारा धरलाय पोटात," म्हणायची. ओवा झाला, हिंग झाला, रोज कोकमाचं सार झालं, मग आम्लपित्ताच्या गोळ्या झाल्या. तिचे हात, गळा सुकत चालले होते आणि साडीच्या निऱ्या मात्र पोटावर नीट बसत नव्हत्या, हे मला रोज दिसत होतं. रात्री पुन्हा पुन्हा लघवीला उठायची, ते मी वयावर घातलं. सत्तरीच्या बाईचं पोट, पाळी जाऊन वीस वर्षं झाल्यावर, असं फुगायला लागलं तर सोनोग्राफी करून घ्यावी हे सुचलं नाही. दिवाळी होऊन गेली, पायऱ्या चढताना तिला धाप लागायला लागली, तेव्हा कुठे केली. अहवालात दोन्ही अंडाशयांवर गाठी होत्या आणि पोटात पाणी.

भारतात दरवर्षी ४७ हजारांहून अधिक स्त्रियांना अंडाशयाचा कर्करोग होतो आणि ३३ हजारांच्या आसपास स्त्रिया त्याने दगावतात, हा जागतिक कर्करोग नोंदींचा २०२२चा अंदाज आहे. स्तन आणि गर्भाशयमुख यांच्यानंतर आपल्याकडच्या स्त्रियांमध्ये याचाच क्रमांक लागतो. बहुतेकींचं निदान आईसारखंच, रोग पोटभर पसरल्यावर होतं. निरोगी स्त्रियांची दरवर्षी तपासणी करून तो आधी गाठता येईल का, हे ब्रिटनमध्ये दोन लाखांहून जास्त स्त्रियांवर पाहिलं गेलं. सीए-१२५ ही रक्ततपासणी आणि सोनोग्राफी या दोन्हींचा त्यात वापर होता. २०२१मध्ये निष्कर्ष आला की अशा तपासणीने मृत्यू कमी झाले नाहीत. म्हणजे लक्षणं नसताना चाळून काढण्याचा भरवशाचा मार्ग अजून नाही. हाताशी राहतात ती लक्षणं. ती माझ्या घरात, माझ्या डोळ्यांसमोर होती आणि मी त्यांना ओवा देत राहिले.

जिल्ह्यात चिपळूण तालुक्यात डेरवणच्या वालावलकर रुग्णालयात कर्करोगाचे उपचार होतात. तरी आम्ही मुंबई धरली, कारण दादा डोंबिवलीला. कोकणातल्या निम्म्या घरांचा हा हिशेब असतो: जिथे राहायला खोली तिथे दवाखाना. तिथल्या एका मोठ्या रुग्णालयात आईच्या पोटातलं पाणी काढलं. सुई टोचून नळी लावली आणि काचेच्या बाटलीत पिवळसर, किंचित गढूळ पाणी थेंबथेंब करत भरायला लागलं. एक बाटली भरली, दुसरी लावली. आईला हायसं वाटलं. "आता बरं वाटतंय गो, आता घरी जाऊ," म्हणाली. मी त्या बाटलीकडे बघत होते. त्यात कर्करोगाच्या सुट्या पेशी तरंगत असणार होत्या.

तिथल्या निवासी डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाच्या. मी विज्ञान शिकवते कळल्यावर त्यांनी केसपेपरच्या पाठीवर चित्र काढून सांगितलं. अंडाशयाचा कर्करोग मुख्यतः पोटातच पसरतो. गाठीवरच्या पेशी सुट्या होतात, एकट्या किंवा गुच्छांनी पोटातल्या पाण्यात फिरतात आणि पोटाच्या आतल्या आवरणावर किंवा आतड्यांपुढे चरबीचा पडदा असतो त्या वपेवर जाऊन चिकटतात. या आवरणावर पेशींचा एकेरी, गुळगुळीत थर असतो. मेसोथेलियल पेशींचा. तो धड असेपर्यंत कर्करोगाच्या पेशींना तिथे बसणं जड जातं. तो बिघडला की सोपं होतं. शेणाने सारवून चोपून घट्ट केलेल्या खळ्यात भाताचा दाणा पडला तरी रुजत नाही, आणि तेच खळं पावसाने उखडलं की प्रत्येक भेगेत कोंब येतो, तसं मला ते समजलं. समजलं ते चुकीचं नव्हतं. पण त्या चित्राने माझ्या डोक्यात असं घर केलं, की पुढे जे वाचलं ते सगळं मी त्याच खळ्यात आणून टाकलं.

उपचार ठरले: पॅक्लिटॅक्सेल आणि कार्बोप्लॅटिन यांच्या तीन केमो, मग शस्त्रक्रिया, मग उरलेल्या तीन. दोन केमोंमध्ये तीन आठवडे. मधल्या दिवसांत आई रत्नागिरीत माझ्याकडे. इथल्या डॉक्टरांनी थकव्याची आणि गुडघेदुखीची तक्रार ऐकून रक्त तपासलं. ड जीवनसत्त्व मिलिलिटरमागे ११ नॅनोग्रॅम निघालं. २०च्या खाली कमतरता धरतात. आयुष्य भातखाचरात आणि काजूच्या बागेत काढलेल्या बाईला उन्हाची कमतरता, हे मला खरं वाटेना. पण ती गेली काही वर्षं घराबाहेर पडलीच कुठे होती? सावळ्या कातडीला तेवढंच जीवनसत्त्व बनवायला जास्त ऊन लागतं, वयानुसार कातडीची ती ताकद कमी होते, चार महिने आभाळ भरलेलं, अंगभर साडी. बांगडा आणि तारली यांतून जे थोडंफार मिळायचं ते अन्नावरची वासना गेल्यावर बंद झालेलं. डॉक्टरांनी ६०,००० युनिटची पुडी लिहून दिली. आठवड्याला एक, आठ आठवडे. शिवाय हाडांसाठी कॅल्शियमची गोळी. हे सगळं रीतसर होतं.

त्याच सुमारास ती बातमी वाचनात आली. जपानमधल्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांना असं दिसलं होतं, की ड जीवनसत्त्व अंडाशयाच्या कर्करोगाचा पोटातला प्रसार रोखू शकतं. बातमीवर मी थांबले नाही. कितामी, योशिहारा, काजियामा यांच्या गटाचा २०२२मधला शोधनिबंध हुडकला, त्याचा सारांश पुन्हा पुन्हा वाचला. कर्करोगाच्या पेशींच्या सहवासात मेसोथेलियल पेशी आपलं रूप बदलतात. टीजीएफ-बीटा १ नावाचं प्रथिन त्यांना तसं बदलायला लावतं. बदललेल्या पेशी थ्रोम्बोस्पाँडिन-१ हे दुसरं प्रथिन जास्त बनवतात आणि त्याच्या आधाराने कर्करोगाच्या पेशी आवरणाला चिकटतात. ड जीवनसत्त्वाने ही साखळी तुटते आणि आवरणाच्या पेशी पूर्वपदावर येऊ लागतात, असं त्या प्रयोगांत दिसलं होतं. कर्करोगाच्या पेशी मारण्याऐवजी जमीनच त्यांना नको अशी करायची, ही कल्पना सुंदर आहे. आजही मला ती सुंदर वाटते. त्या निबंधात खोटं काहीच नव्हतं.

खोटी मी ठरले, कारण मी वाचलं ते आईसाठी आणि शाळेतलं सगळं शिकवणं बाजूला ठेवून. ते प्रयोग प्रयोगशाळेतल्या पेशींवर आणि उंदरांवर होते. अंडाशयाचा कर्करोग झालेल्या स्त्रियांना या पुड्या देऊन त्या जास्त जगतात का, हे त्यात कुणी पाहिलेलंच नव्हतं. पुडीतलं जीवनसत्त्व थेट काम करत नाही. ते आधी यकृतात आणि मग मूत्रपिंडात बदलतं, तेव्हा त्याचं सक्रिय रूप तयार होतं, आणि शरीर त्या शेवटच्या पायरीवर लगाम धरून असतं. म्हणजे जास्त पुड्या दिल्या म्हणून पोटाच्या आवरणापाशी त्याच प्रमाणात सक्रिय जीवनसत्त्व पोचेल हे गृहीतच चूक होतं. आणि आईच्या पोटात पेशी चिकटून, वाढून, गाठी होऊन किती काळ लोटला होता! यातला एकही मुद्दा असा नाही जो मला त्या रात्री समजला नसता. मी तो मनात येऊ दिला नाही.

उलट पुष्टी शोधत गेले. शोधली की सापडते. सेड्रिक आणि फ्रँक गारलँड या भावांनी १९८०मध्ये मांडलं होतं की जिथे ऊन कमी तिथे मोठ्या आतड्याचा कर्करोग जास्त, आणि मधला दुवा ड जीवनसत्त्वाचा असावा. पुढे अंडाशयाच्या कर्करोगाबद्दलही अमेरिकेत तसाच संबंध दाखवला गेला. आईचे ११ नॅनोग्रॅम माझ्यासमोर होतेच. सगळं जुळत होतं. आजारी माणसाच्या रक्तात हे जीवनसत्त्व आजारामुळेही कमी असू शकतं, अंथरुणाला खिळल्याने आणि न जेवल्यानेही, हा उलटा विचार मी वर्गात मुलांकडून करून घेते. घरी केला नाही.

आठवड्याची पुडी मी एका दिवसाआड करून टाकली. पुडी बोटभर लांबीची. कोपरा फाडला की पांढरट गोडसर दाणे, ते कोमट दुधात ढवळायचे. आई कपाटावरच्या बाप्पाला हात जोडून पेला तोंडाला लावायची. पुड्या चिठ्ठीशिवाय मिळत होत्या. एकाच मेडिकलमधून वारंवार नेल्या तर विचारतील म्हणून मी दुकानं बदलत होते. या एका गोष्टीवरून तरी मला उमगायला हवं होतं की माझं काहीतरी चुकतंय. रिकाम्या पुड्या मी कचऱ्यात टाकत नव्हते, स्टीलच्या एका जुन्या डब्यात तळाशी दडपत होते. आठ आठवडे संपले तरी थांबले नाही.

मुंबईला प्रत्येक खेपेला विचारायचे, आणखी काही औषध चालू आहे का? आयुर्वेदिक, होमिओपॅथी, घरगुती? मी नाही म्हणायचे. जीवनसत्त्व म्हणजे औषध नव्हे, अशी मी माझी समजूत घातली होती. ते बंद करायला लावतील ही भीती होती. आणि तिसरं कारण सांगायला जड जातं, पण तेच सगळ्यांत खरं आहे. आईच्या आजारात बाकी सगळं दुसऱ्यांच्या हातात होतं, ही पुडी तेवढी माझ्या हातात होती. ओवा देत घालवलेले महिने मी त्या पुडीने भरून काढत होते.

हिशेबही केला नाही. ६०,००० युनिट हा आकडा मोठा दिसतो. वजनात तो जेमतेम दीड मिलिग्रॅम, कारण ४० युनिट म्हणजे एक मायक्रोग्रॅम. दीड मिलिग्रॅमने काय होणार, असं मनाला वाटलं. एका दिवसाआड एक म्हणजे दिवसाला ३०,००० युनिट. आपल्याकडच्या पोषण तज्ज्ञांनी प्रौढ माणसाला दिवसाची गरज सांगितली आहे ६०० युनिट. डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय रोज घ्यायची वरची मर्यादा ४,००० धरतात. हा भागाकार पाचवीतल्या मुलाला येतो. शिवाय हे जीवनसत्त्व चरबीत विरघळतं, लघवीवाटे सहज निघून जात नाही, साठत राहतं.

शस्त्रक्रिया चांगली झाली. पुढची केमो झाली. एप्रिलमध्ये आंब्याची पहिली पेटी घरी आली तेव्हा आईने एक फोड तोंडाला लावली आणि ताटलीत परत ठेवली. मळमळतंय म्हणाली. केमोमुळे असेल. पाणी सारखं मागायची, आणि तितक्याच वेळा लघवीला जायची. उन्हाळाच आहे, म्हटलं. पोट साफ होईना. वेदनाशामक गोळ्यांनी होतंच. प्रत्येक लक्षणाला माझ्याकडे तयार उत्तर होतं, ओव्याच्या दिवसांत होतं तसंच. मग एके दुपारी तिने मला मावशीच्या नावाने हाक मारली. मावशी जाऊन बरीच वर्षं झाली होती. "गो, गुरं बांधलीस काय?" असं विचारून ती माझ्याकडे उत्तरासाठी बघत राहिली.

पुढच्या केमोआधीच्या रक्तात क्रिएटिनिन वाढलेलं निघालं, म्हणजे मूत्रपिंडांचं काम मंदावलं होतं. मुंबईला नेलं, तिथे दाखल करून घेतलं. कॅल्शियम १३.४ होतं. साडेदहाच्या आत हवं. कर्करोगाच्या रुग्णाचं कॅल्शियम वाढलं की पहिला संशय रोगावरच जातो: हाडांत गेला का, की गाठीच असं काही रसायन सोडतायत? स्कॅन ठरले. शस्त्रक्रियेनंतर इतक्या लवकर पसरला असेल तर पुढची वाट अवघड आहे, असं दादाला बाजूला घेऊन सांगितलं गेलं. दादा जिन्यात बसून रडला. मी त्याच्या शेजारी बसले होते, आणि तरीही माझ्या तोंडून शब्द फुटला नाही, कारण अजून मी दोन गोष्टी जोडल्या नव्हत्या, किंवा जोडायचं धैर्य नव्हतं. यातलं नक्की कोणतं, हे आजही मला ठामपणे सांगता येत नाही.

त्याच निवासी डॉक्टर संध्याकाळी आल्या. पॅराथायरॉइड संप्रेरकाचा अहवाल त्यांच्या हातात होता, अगदी खाली गेलेला. शरीरात कॅल्शियम बाहेरून लोटलं जात असेल तर ती ग्रंथी गप्प होते. त्यांनी खुर्ची ओढली आणि विचारलं, "ताई, आईंना कॅल्शियम किंवा व्हिटॅमिन डी किती देताय?" किती, असं विचारलं. देताय का, असं नाही. मी सगळं सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं, ड जीवनसत्त्वाची तपासणी पाठवली. ती १५०च्या वर आली.

कुणी ओरडलं नाही. सलाईन लावलं, पुड्या आणि कॅल्शियम बंद केलं, थोडे दिवस स्टेरॉइड दिलं. त्यांनी मला एवढंच समजावलं, की कार्बोप्लॅटिनची मात्रा मूत्रपिंडं किती वेगाने रक्त गाळतात त्यावर ठरते. मूत्रपिंडं दमलेली असताना नेहमीची मात्रा दिली असती तर ती शरीरात जास्त वेळ राहिली असती आणि पांढऱ्या पेशी, प्लेटलेट्स धोक्याच्या खाली गेल्या असत्या. म्हणून केमो पुढे ढकलली. जे औषध खरोखर रोगावर काम करत होतं ते, माझ्या औषधामुळे, थांबलं. चरबीत साठलेलं जीवनसत्त्व हळूहळू बाहेर येत राहतं, त्यामुळे कॅल्शियम खाली यायला आठवडे लागले.

शुद्धीवर आल्यावर आईला सांगणं भाग होतं. मी तिच्या पलंगावर बसून सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "डॉक्टरांनी सांगितल्यात म्हणून घेत होते मी." आणि थोड्या वेळाने, "मला विचारलं असतंस तर कदाचित घेतल्याही असत्या गो. विचारलं का नाहीस?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी सगळा काळ आईला वाचवते आहे असं समजत होते आणि तिला एका शब्दाने विचारलं नव्हतं. कॅल्शियमचा आकडा उतरला. हे उतरलं नाही.

नंतर मी शांतपणे वाचलं, जे आधी वाचायला हवं होतं. अमेरिकेत २५,८७१ स्त्री-पुरुषांना, निम्म्यांना रोज २,००० युनिट ड जीवनसत्त्व आणि निम्म्यांना तशीच दिसणारी निष्प्रभ गोळी देऊन पाच वर्षांहून अधिक काळ पाहिलं. २०१८मध्ये निष्कर्ष आला: कर्करोग होण्याचं प्रमाण कमी झालं नाही. पुढच्या विश्लेषणात पसरलेल्या आणि जिवावर बेतणाऱ्या कर्करोगांचं प्रमाण थोडं कमी दिसलं, तेही सडपातळ लोकांमध्ये. त्यावर अभ्यास व्हायला हवा. ऑस्ट्रेलियात साठीपुढच्या २१,३१५ लोकांवर पाच वर्षं असाच प्रयोग झाला. त्यांना दिली होती नेमकी ६०,००० युनिट, पण महिन्यातून एकदा. २०२२मध्ये कळलं की त्यामुळे मृत्यू कमी झाले नाहीत. हे दोन्ही प्रयोग बहुतांशी निरोगी माणसांवर होते, कर्करोग झालेल्यांच्या उपचाराचा प्रश्न त्यांनी सोडवलेला नाही. पण एका दिवसाआड पुडी देण्याला कुठेच आधार नव्हता.

आपल्या पुण्यातल्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातलं डॉ. शर्मिला बापट यांचं काम मी याच दिवसांत वाचलं. २००५मध्ये त्यांच्या गटाने अंडाशयाच्या कर्करोगाच्या एका रुग्णाच्या पोटातल्या पाण्यातून पेशी वाढवल्या आणि त्यांत मूळपेशींसारख्या पेशी दाखवून दिल्या, ज्या रोग पुन्हा पुन्हा उभा करू शकतात. आईच्या बाटलीत दिसलं होतं तसल्याच पाण्यातून. ते काम वाचताना मला पहिल्यांदा शोधनिबंध वाचल्यासारखं वाटलं, कारण त्यातून घरी न्यायचं काही मी शोधत नव्हते. एका पाण्यातून एक प्रश्न सुटा करायला कित्येक वर्षं जातात. नागोयाच्या लोकांनीही तेच केलं आहे. त्यांच्या कामातून उद्या औषध निघालं तर ते मात्रा, वेळ, रुग्ण सगळं ठरवून निघेल. माझ्यासारख्या मुलीने दुधात ढवळून नाही.

आईच्या उरलेल्या केमो उशिराने झाल्या. २०२४च्या पावसाळ्यात रोग परतला आणि २०२५च्या मार्चमध्ये ती गेली. त्या विलंबाने काही फरक पडला का, हे मी तिच्या डॉक्टरांना विचारलं. एका रुग्णाबद्दल तसं कधीच सांगता येत नाही, हा रोग पूर्ण उपचारांनंतरही अनेकींमध्ये परततो, असं ते म्हणाले. मी त्याचा आडोसा घेत नाही. तिचे त्या उन्हाळ्यातले दिवस, ज्यात तिला आंबा गोड लागला नाही आणि आपली मुलगी ओळखू आली नाही, ते मी घालवले.

तपासणीत ड जीवनसत्त्व कमी आलं तर ते जरूर भरून काढा, डॉक्टर सांगतील तेवढंच आणि तेवढेच दिवस. पोट फुगणं, दोन घासांत पोट भरणं, ओटीपोटात दुखणं, सारखी लघवी लागणं हे नव्याने सुरू झालं असेल आणि महिन्यातले बारा दिवस किंवा त्याहून जास्त टिकत असेल, तर ओवा-हिंगावर न थांबता स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवून सोनोग्राफीबद्दल विचारा, विशेषतः पन्नाशीपुढच्या बाईच्या बाबतीत. आणि घरात कर्करोगाचे उपचार चालू असतील तर पुढच्या खेपेला घरातली प्रत्येक पुडी, काढा, गोळी, चूर्ण एका पिशवीत घालून न्या आणि डॉक्टरांच्या टेबलावर ओता. त्याआधी ती पिशवी आजारी माणसाला दाखवा, त्यातलं काय घ्यायचं आणि काय नाही हे त्याला विचारा.

शाळेत भेटायला आलेल्या त्या बाईंना मी पुडीचं नाव लिहून दिलेलं नाही. त्यांच्या नणंदेबरोबर पुढच्या तपासणीला मी स्वतः जाणार आहे.